आगगाडी, पाटाचं पाणी आणि एक मास्तर

आज एका मास्तरांची गोष्ट सांगतो. गोविंद नारायण माडगावकर त्यांचं नाव. जन्म 1815 चा, घराणं मूळचं गोव्याचं. मुंबईत ते मिशनच्या शाळेत शिकवायचे.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. 14 डबे, सुमारे 400 माणसं. बैल नाही, घोडा नाही, तरी गाडी पळते, हे बघायला लोकांची झुंबड उडाली. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. त्याआधी सगळी भिस्त विहिरी-तळ्यांवर.

हे सगळ्यांनीच पाहिलं. माडगावकरांनी ते लिहून ठेवलं. आगगाडी, तळी, देवळं, बाजार, जत्रा, नाना जातींची माणसं, सगळं त्यांच्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात आलं. साल 1863. दोन वर्षांनी ते वारले. पण त्या काळची मुंबई समजून घ्यायला जाणकार आजही तेच पुस्तक उघडतात.

आता आपल्या हिंगोलीकडे येऊ. पूर्णा-हिंगोली रेल्वे निजामाच्या काळात, 1912 साली आली. पुढे पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं झाली, कालवे निघाले, वसमतकडची रानं भिजली. धरणाची उंची, कालव्याची लांबी सरकारी कागदात सापडते. पण पाटाला पहिलं पाणी आलं त्या वर्षी घरात काय पेरलं, कुणाची विहीर गेली, पाण्याची पाळी रात्री आली की दारं धरायला कोण जायचं, हे कुठं लिहिलंय? सातबारा घरच्या पुरुषाच्या नावावर, म्हणून मोबदलाही त्याच्याच नावानं. त्या रानात राबलेल्या बाईचं नाव कागदावर नाही. तिची आठवण हाच तिचा कागद, आणि अशा आज्या आता गावात मोजक्याच उरल्यात.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं एका आजीला बोलतं करायचं. लिहिता येणारीनं वेगळ्या वहीत उतरवायचं. साल आठवत नसेल तर विचारायचं, तेव्हा थोरला लेक केवढा होता? दुसऱ्या आजीलाही विचारून पडताळायचं. जमिनीचं असेल तर जुना फेरफार बघायचा.

तुमच्याही गटात अशी वही घाला. आणि पानाच्या वर आजीचं नाव लिहा, अमक्याची आई म्हणून नको, तिचं स्वतःचं.