शिस्त : नेम आणि कवाईत

'शिस्त' हा शब्द आज आपण वागणुकीच्या वळणाला लावतों. परंतु जुन्या मराठींत बंदुकीची शिस्त धरणें म्हणजे नेम धरणें होय. एकाच शब्दांत नेम व वळण हे दोन्ही अर्थ नांदावे, ह्यांत केवळ भाषेची गंमत नसून इतिहासाचा एक धडा आहे, असें आमचें मत आहे. तो धडा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याच्या आधारें मांडावा व त्यावरून कागदपत्रांच्या संग्राहकांस एक विनंती करावी, एवढाच ह्या टिपणाचा हेतु.

तुमसर तालुक्यांत सातपुड्याच्या डोंगरांत अंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण ह्यानें तो १७०० च्या सुमारास बांधिला व पुढें भोसल्यांच्या अमलांत त्याचा उपयोग बंदिवानांस ठेवण्याकडे झाला. किल्ला पाहावयास जाणारा अभ्यासक तट व बुरूज मोजतो. पण त्या बुरुजावर उभें राहून बंदूक डागणाऱ्या शिपायास नेम कोणी शिकविला, त्याकरितां दारू व शिसें किती खर्च झालें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. हत्यारें आम्ही जपलीं. हात कसा घडला ह्याची चौकशी केली नाहीं.

नेम चुकतो कां, हें आधीं पाहूं. तोड्याच्या बंदुकींत जामगी रंजकास लागतांच डोळ्याजवळ भडका उडे. चकमकीच्या बंदुकींतही तीच गत. नवशिका शिपाई त्या भडक्यास भिऊन चाप ओढण्याच्या क्षणींच तोंड फिरवी, आणि गोळी सुटण्यापूर्वींच नेम बिघडे. तमंच्याची गोष्ट ह्याहून अवघड. त्यास खांद्याचा आधार नाहीं, नळी आंखूड, सारा भार मनगटावर. पंचवीस मीटरांवर नळी एक अंश कलली, तर गोळी सुमारें ४४ सेंटिमीटर बाजूस जाते. म्हणजे हत्यार जितकें लहान, तितकी शिकवणीची गरज मोठी.

ह्या काळच्या बंदुकीही फारशा अचूक नव्हत्या. प्रशियाच्या सैन्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस पलटणीच्या रुंदीचा कापडी पडदा उभारून परीक्षा घेतली, तेव्हां ७५ वारांवर शेंकडा ६०, १५० वारांवर ४० व २२५ वारांवर २५ गोळ्या त्यास लागल्या. रणांगणावर धूर व भय ह्यांमुळें हें प्रमाण पुष्कळच खालीं येई. म्हणून शहाण्या सेनानींनीं हत्यारापेक्षां माणसाकडे लक्ष पुरविलें. इंग्रजी पलटणींत चकमकीच्या जागीं लांकडाचा तुकडा बसवून, दारूवांचून चाप ओढण्याचा सराव करवीत. दारू वांचे, आणि भडक्याची धास्ती नसल्यानें हात स्थिर होई. १८५३ मध्यें हाइथ येथें निशाणबाजीची स्वतंत्र शाळा निघाली. तींत उभें राहणें, नेम धरणें व अंतर ओळखणें हीं अंगें निरनिराळीं शिकवीत. सर्व एकदम न शिकवितां एकेक दोष वेगळा काढून तो घालविणें, हेंच त्या पद्धतीचें मर्म.

आतां नागपुराकडे वळूं. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेंकड्यांवर भोसल्यांच्या मोठ्या फौजेपुढें इंग्रजांची दीड हजारांच्या आंतील तुकडी उभी राहिली. भोसल्यांकडील अरब निशाणबाजींत व शौर्यांत कोणास हार जाणारे नव्हते. त्यांनीं धाकटी टेंकडी जिंकलीही. पुढें घोडदळाचा हल्ला झाला, अरबांमध्यें दारूच्या एका गाड्याचा स्फोट झाला, आणि पारडें फिरलें. केवळ नेमाच्या जोरावर इंग्रज जिंकले, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. १६ डिसेंबरच्या लढाईनंतरही अरबांनीं नागपूर शहर लढविलें, २४ तारखेचा हल्ला परतविला, आणि ३० डिसेंबरास करार करून ते आपल्या मालमत्तेसह निघून गेले. त्यांच्याबरोबर त्यांचें कसबही गेलें. विकत घेतलेली विद्या विकणाऱ्याच्या पावलीं परतली.

शिंद्यांकडेही असेंच घडलें. १७८४ मध्यें महादजींनीं द बॉयन्यास चाकरीस ठेविलें. त्यानें घडविलेल्या पलटणींनीं १७९० मध्यें पाटण व मेडता येथें नांव केलें. पण १८०३ मध्यें युद्ध पेटतांच पेराँ चाकरी सोडून गेला. शिकविणारा परका असणें हा दोष नव्हे. शिकविण्याची रीत आपल्या दप्तरांत व आपल्या माणसांत उतरली नाहीं, हा दोष.

ती रीत अवघड नाहीं, हें आजचा काळ दाखवितो. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनीं २०१३ मध्यें चांगवान येथील विश्वचषकांत आणि २०१८ मध्यें जकार्ता-पालेंबांग येथील आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. आजही पिस्तुलाच्या शिक्षणांत रिकाम्या हत्याराचा सराव मोठा मानला जातो : चाप दाबतांना पुढची माशी हालते कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. लांकडी चकमकीचीच ही पुढची पिढी. फरक इतकाच कीं आतां नेमबाज आपल्या रोजच्या सरावाची नोंद ठेवितो.

ह्या नोंदीकरितांच आमची विनंती. बारूदखान्याचे जमाखर्च व शिलेखान्याच्या याद्या नीरस म्हणून संग्राहक टाकून देतात. तसें करूं नये. अशा कागदांत दारूचा खर्च दिसला म्हणजे सराव झाला, असें मात्र मानूं नये. सलामीला व दसऱ्यालाही दारू लागते. परंतु सलामीला शिसें लागत नाहीं. मोहीम नसतां दारूबरोबर शिसेंही ठराविक प्रमाणांत महिन्याचे महिन्यास खर्ची पडलें असेल, आणि तें शिकारीच्या सदराखालीं नसेल, तर तेथें चांदमारी चालत होती, असा तर्क करण्यास जागा आहे. तेव्हां दारू व शिसें ह्यांचीं कलमें शेजारींशेजारीं उतरून घ्यावीं, तिथी सोडूं नये, आणि कागद फाटका असला तरी जपून ठेवावा. तलवारीचें पातें घरोघर मिळतें. शिस्तीचा कागद एकदां रद्दींत गेला कीं तो परत येत नाहीं.