शर्यतीच्या गाडीतला पाना

मोटार शर्यतींचा इतिहास आपण बहुधा वेगाच्या भाषेत ऐकतो. कोण किती शर्यती जिंकला, कोणाचा विक्रम कोणी मोडला, असा तो हिशेब असतो. या हिशेबात जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश ड्रायव्हरच्या नावापुढे फॉर्म्युला वनच्या ९९ शर्यती, २७ विजय आणि १९६९, १९७१ व १९७३ अशी तीन जगज्जेतेपदं मांडलेली आहेत. पण त्याच्या कारकिर्दीची खरी गोष्ट या आकड्यांत नाही. ती आहे एका पान्यात. नटबोल्ट सोडवायला कुठल्याही गॅरेजात असतो, तसला साधा पाना. १९६६ नंतर तो स्टुअर्टच्या गाडीत स्टीअरिंगच्या दांड्याला चिकटपट्टीनं बांधलेला असे. हा पाना तिथं कसा आला आणि त्यापायी एका जगज्जेत्याला भित्रा हे विशेषण कसं चिकटलं, ते आज पाहू या.

स्टुअर्टचा जन्म १९३९ सालचा. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनजवळच्या मिल्टन गावात वडिलांचं गॅरेज होतं. शाळेत या मुलाला अक्षरं लागत नसत. मास्तरांनी त्याला मठ्ठ ठरवलं आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यानं शाळेला रामराम ठोकून वडिलांच्या गॅरेजात हात काळे करायला सुरुवात केली. आपल्याला डिस्लेक्सिया आहे हे त्याला कळलं ते १९८० साली, चाळिशी ओलांडल्यावर. तोवर जगज्जेतेपदं मिळवून निवृत्तही होऊन झालं होतं! शाळेत हरलेल्या या मुलानं आधी नेमबाजीत नाव काढलं. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या अचूक टिपण्यात तो इतका तरबेज होता, की १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी ब्रिटिश संघातली त्याची जागा थोडक्यात हुकली. नेमबाजीनं त्याला एक धडा दिला. एक तबकडी हुकली की ती परत मिळत नाही. चूक होण्याआधीच ती टाळायची असते.

थोरला भाऊ जिमी शर्यतीत जखमी झाला होता. त्यामुळे जॅकीनं या वाटेला जाऊ नये अशी घरच्यांची इच्छा होती. पण १९६४ मध्ये केन टिरेल या लाकडाच्या व्यापाऱ्यानं त्याला आपली गाडी चालवून पाहायला बोलावलं आणि वाट ठरली. व्यापार लाकडाचा असला, तरी टिरेलचा जीव शर्यतींत होता. पुढच्याच वर्षी स्टुअर्ट बीआरएम संघातून फॉर्म्युला वनमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात इटलीत मोंझाची शर्यत जिंकला.

त्या काळची शर्यत म्हणजे काय, हे नीट लक्षात घ्यायला हवं. गाडी म्हणजे पेट्रोलच्या टाक्यांमध्ये बसवलेला माणूस. फॉर्म्युला वनमध्ये सीटबेल्ट बांधण्याची रीत नव्हती. गाडी पेटली तर बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा हिशेब असे. मार्ग बरेचदा रोजच्या रहदारीचेच रस्ते. कडेला झाडं, घरं, तारांचे खांब, फार तर गवताचे गठ्ठे. आणि ड्रायव्हर मेला तर लोक हळहळत, पण चकित होत नसत.

१२ जून १९६६. बेल्जियममधला स्पा हा १४ किलोमीटरचा मार्ग. शर्यत सुरू झाली तेव्हा रस्ता कोरडा होता, पण पहिल्याच फेरीत गाड्या मुसळधार पावसात शिरल्या. एकामागून एक गाड्या घसरल्या. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगात असलेली स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून खांबाला धडकली आणि एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. तो स्टीअरिंगखाली अडकला होता. फुटलेल्या टाकीतलं पेट्रोल त्याच्या अंगावर ओघळत होतं. एक ठिणगी पुरेशी होती.

मदतीला ना डॉक्टर आला, ना अग्निशामक दल. आले ते दोन ड्रायव्हर, ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट. त्यांच्याही गाड्या तिथंच घसरल्या होत्या. स्टीअरिंग काढल्याशिवाय स्टुअर्ट सुटणार नव्हता आणि ते काढायला पाना हवा होता. तो त्यांनी एका प्रेक्षकाच्या गाडीतून मागून आणला. सुटका व्हायला सुमारे पंचवीस मिनिटं लागली. मग प्रथमोपचाराच्या जागी त्याला जमिनीवर ठेवलं, तिथं सिगारेटची थोटकं पडली होती. लिएजच्या इस्पितळाकडे निघालेली रुग्णवाहिका वाटेत रस्ता चुकली!

स्टुअर्ट बचावला. पुढच्या शर्यतींपासून पाना त्याच्या गाडीतच राहू लागला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पट्टे सक्तीचे करा, तोंड झाकणारं हेल्मेट वापरा, मार्गाच्या कडेची झाडं काढा, पोलादी कठडे बसवा, प्रत्येक शर्यतीला पुरेसे डॉक्टर आणि आग विझवणारे लोक ठेवा, असा त्यानं घोषा लावला. आज यात वावगं काय, असं वाटेल. तेव्हा मात्र मोठा गहजब झाला. मार्गांच्या मालकांना खर्च नको होता. जुन्या शौकिनांना वाटे, धोका काढला तर शर्यतीत उरलं काय? ‘मोटर स्पोर्ट’ या ब्रिटिश मासिकाचे नामवंत वार्ताहर डेनिस जेंकिन्सन यांनी तर त्याच्यावर उघड टीकेचे आसूड ओढले. भीती वाटत असेल तर घरी बसावं, असा एकूण सूर होता. स्टुअर्ट पुढे म्हणत असे, की लोकांना आवडेल तेच बोललो असतो तर मी जास्त लोकप्रिय झालो असतो, कदाचित जिवंत नसतो, इतकंच.

ही अतिशयोक्ती नव्हती. १९६८ चा उन्हाळाच पाहा. ७ एप्रिलला जिम क्लार्क गेला. त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ ड्रायव्हर आणि स्टुअर्टचा जिवलग मित्र. ७ मे रोजी माइक स्पेन्स, ८ जूनला लुडोविको स्कार्फियोत्ती, ७ जुलैला जो श्लेसर. चार महिन्यांत चार मृत्यू.

त्यानंतर महिनाभरात, ४ ऑगस्टला, जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगची शर्यत होती. डोंगरजंगलातून जाणारी जवळजवळ २३ किलोमीटरची एक फेरी, दीडशेहून अधिक वळणं, त्यात धो धो पाऊस आणि समोरचं दिसू नये असं धुकं. स्टुअर्टच्या मनगटाचं हाड मोडलेलं, त्यावर आधाराचं आवरण. ती शर्यत तो जिंकला, तीही दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला चार मिनिटांहून अधिक मागं टाकून. भित्रा म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर काय असणार?

जगज्जेता झाल्यावर त्याच्या शब्दाला वजन आलं आणि ते त्यानं खर्ची घातलं. ड्रायव्हरांच्या संघटनेनं मागितलेल्या सुधारणा झाल्या नाहीत म्हणून १९६९ ची स्पाची शर्यत रद्द झाली. १९७० मध्ये ड्रायव्हरांनी न्यूरबुर्गरिंगवर धावायला नकार दिला आणि शर्यत हॉकेनहाइमला न्यावी लागली. पुढच्या वर्षी न्यूरबुर्गरिंगच्या कडेची झाडं तुटली, कठडे बसले, तेव्हाच ती परतली. तरी मृत्यू थांबले नव्हते. त्याच १९७० साली स्टुअर्टचा स्वित्झर्लंडमधला मित्र योखेन रिंट मोंझाला गेला. पट्ट्याचे खालचे बंद त्यानं लावले नव्हते. आगीत अडकण्याची भीती इतकी खोल होती, की वाचवणाऱ्या पट्ट्यावरही माणसांचा विश्वास बसत नव्हता.

१९७३ च्या एप्रिलमध्ये स्टुअर्टनं निवृत्त व्हायचं ठरवलं. ते टिरेलसह मोजक्या माणसांनाच ठाऊक होतं. पत्नी हेलनलाही त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती उरलेल्या शर्यती एकेक करून मोजत बसली असती.

२९ जुलैला नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला रॉजर विल्यमसन या तरुणाची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली हा दुसरा ड्रायव्हर आपली गाडी थांबवून धावत गेला. एकट्यानं गाडी उलटवायचा प्रयत्न करत राहिला, आग विझवायला झटत राहिला. मार्गावरच्या माणसांकडे आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते. शर्यत थांबवली गेली नाही. विल्यमसन गेला. ती शर्यत जिंकला स्टुअर्ट आणि त्या विजयानं क्लार्कचा २५ विजयांचा विक्रम मोडला. विक्रमाचा आनंद म्हणावा, असं त्यात काय होतं?

शेवटची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला होती, स्टुअर्टची शंभरावी. संघाची धुरा पुढच्या वर्षी फ्रांस्वा सेव्हेरकडे जायची होती. एकोणतीस वर्षांचा हा देखणा फ्रेंच तरुण म्हणजे स्टुअर्टचा शिष्य आणि धाकट्या भावासारखा मित्र. ६ ऑक्टोबरला सरावात सेव्हेरची गाडी कठड्यांवर आदळली आणि तो जागीच गेला. ज्या पोलादी कठड्यांसाठी स्टुअर्ट झगडला होता, त्यांनीच या वेळी दगा दिला. टिरेलनं संघ मागं घेतला. शंभरावी शर्यत झालीच नाही.

मग स्टुअर्टचं सगळं फुकट गेलं का? नाही. १९७८ पासून डॉ. सिड वॉटकिन्स यांनी शर्यतींच्या वैद्यकीय व्यवस्थेला शिस्त लावली. १९९४ मध्ये इमोलाला लागोपाठच्या दोन दिवसांत रोलांड रात्सेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले, तेव्हा मार्ग आणि गाड्या पुन्हा तपासल्या गेल्या. २०१८ मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची मजबूत चौकट आली, तेव्हाही ती कुरूप आहे, शर्यतीची शान घालवते, अशी ओरड झालीच. २०२० मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी कठडा फाडून आत घुसली आणि पेटली. तो अठ्ठावीस सेकंदांनी ज्वाळांतून चालत बाहेर आला. हेलो नसता तर हे शक्य नव्हतं.

स्टुअर्टचा २७ विजयांचा विक्रम १९८७ मध्ये अलँ प्रॉस्तनं मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण आजही प्रत्येक शर्यतीच्या पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची एक गाडी धावते. ती कोणाशी स्पर्धा करत नाही. १९६६ च्या जूनमध्ये स्पाच्या पावसात एका माणसाला पंचवीस मिनिटं ज्याची वाट पाहावी लागली, ते आता त्याच्या मागोमाग येतं.