चक्रीवादळाचा मार्ग : निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूप यांची सांगड

‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळेत अलिबागच्या दक्षिणेस रायगडचा किनारा ओलांडून गेले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या; मुंबई मात्र बहुतांशी बचावली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने आधीच्या सूचनांत हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा सांगितला होता आणि अलिबागचा नावानिशी उल्लेख केला होता. हा पट्टा अडीचशे किलोमीटरहून लांब असून मुंबई त्याच्या आतच येते.

उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या अंगाचे वारे सहसा अधिक जोरकस असतात, कारण फिरत्या वाऱ्यात वादळाच्या स्वतःच्या गतीची भर पडते. ‘निसर्ग’ ईशान्येकडे वळून किनाऱ्याला भिडले, तेव्हा श्रीवर्धन उजवीकडे आणि मुंबई डावीकडे राहिली. केंद्र साठ-सत्तर किलोमीटर उत्तरेला सरकले असते, तर चित्र निराळे दिसले असते. विभागाच्या २०१६ ते २०२० या काळातील अंदाजांत मार्गाची सरासरी चूक २४ तासांसाठी सुमारे ७७, ४८ तासांसाठी ११७ आणि ७२ तासांसाठी १५९ किलोमीटर होती. म्हणजे एका दिवसाची सरासरी चूकही महानगर वाचणे आणि सापडणे यांतील अंतराएवढी आहे.

ही चूक कमी करण्याच्या प्रयत्नांत विदा-समावेशन, म्हणजेच डेटा असिमिलेशन, हे मध्यवर्ती तंत्र होय. वादळाला बहुतांशी सभोवतालचे वातावरणीय प्रवाह वाहून नेतात. त्या प्रवाहांची आजची स्थिती चुकीची धरली, तर उत्तम प्रारूपही उद्याचा मार्ग चुकवते. परंतु आजची स्थिती पूर्णपणे कोणालाच ठाऊक नसते. अरबी समुद्रावर निरीक्षणे विरळ. इन्सॅट उपग्रह, समुद्रपृष्ठावरील वारे टिपणारी उपग्रहीय उपकरणे, मोजके तरंगते बोये, जहाजे आणि वादळ जवळ आल्यावर गोवा व मुंबईची डॉप्लर रडार, एवढ्यावर भिस्त. ‘निसर्ग’च्या वेळी तर टाळेबंदीमुळे विमानोड्डाणेही घटली होती. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार विमानांकडून मिळणारी निरीक्षणे त्या सुमारास जगभर सरासरी ७५ ते ८० टक्क्यांनी कमी झाली होती.

म्हणून प्रारूपाचा सहा तासांपूर्वीचा अंदाज प्राथमिक स्थिती मानला जातो आणि नवी निरीक्षणे त्यात मिसळली जातात. मिसळण्याचे प्रमाण दोहोंच्या विश्वासार्हतेवर ठरते. समजा, वादळाच्या केंद्राबाबत प्रारूपाची संभाव्य चूक ४० किलोमीटर आणि उपग्रहाची २० किलोमीटर आहे. चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिल्यास प्रारूपाला एक पंचमांश आणि उपग्रहाला चार पंचमांश वाटा मिळतो. दोन्ही जागांत ५० किलोमीटरचे अंतर असेल, तर केंद्र प्रारूपाच्या जागेपासून ४० किलोमीटर सरकवले जाते आणि उरलेली संभाव्य चूक सुमारे १८ किलोमीटर होते, म्हणजे दोहोंपेक्षाही कमी. प्रत्यक्षात मात्र असे गणित कोट्यवधी संख्यांसाठी एकाच वेळी मांडावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. एका ठिकाणचा वारा मोजला गेल्यावर शंभर किलोमीटरवरील वायुभार किती बदलावा? चतुर्मितीय परिवर्तन पद्धतीत काही तासांच्या कालखंडातील सर्व निरीक्षणांशी अधिकाधिक जुळणारी प्रारूपाची वाटचाल शोधली जाते; युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने ती १९९७ मध्ये नित्य वापरात आणली. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गाळणीच्या गणितावर गेर एव्हेन्सन यांनी १९९४ मध्ये समूह-आधारित पद्धत उभारली. तीत किंचित भिन्न आरंभापासून अनेक अंदाज चालवतात आणि त्यांच्या विखुरणीवरून त्या दिवशीच्या चुका कशा पसरल्या आहेत हे ओळखतात. चक्रीवादळासाठी हा गुण मोलाचा आहे, कारण भोवऱ्याभोवतीचे परस्परसंबंध शांत हवामानातील सरासरी संबंधांसारखे नसतात. नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रासह अनेक केंद्रे आता दोन्हींची मिश्र पद्धत वापरतात.

उणिवा राहतातच. अवरक्त किरणांना दाट ढगांखालचे दिसत नाही आणि नेमक्या वादळाच्या गाभ्यात ढग दाट असतात. सूक्ष्मलहरी उपकरणे ही उणीव काही अंशी भरून काढतात. प्रारूपातील भोवरा चुकीच्या जागी असेल, तर तो आधी उचलून निरीक्षित ठिकाणी ठेवला जातो आणि मग इतर माहिती मिसळतात. अमेरिकेत विमाने थेट वादळात शिरून पॅराशूटवरील उपकरणे सोडतात. भारतीय समुद्रांवर अशी नियमित उड्डाणे होत नाहीत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक सुरू झाले. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत’ अंदाज प्रणालीची जाळी ६ किलोमीटरची आहे. पूर्वीच्या जागतिक प्रारूपाची १२ किलोमीटरची होती. बारीक जाळीत वादळाची रचना अधिक स्पष्ट उमटते, मात्र तिच्या प्रत्येक चौकटीसाठी आरंभीची स्थिती द्यावीच लागते, आणि समुद्रावरील बोये व जहाजे त्या प्रमाणात वाढलेली नाहीत.