ट्रॅक्टरच्या पारेषण प्रणालीतील बिघाड

ट्रॅक्टरची पारेषण प्रणाली म्हणजे इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत व पीटीओ शाफ्टपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा होय. क्लच, गिअरबॉक्स, डिफरेंशियल आणि अंतिम गिअर हे तिचे प्रमुख भाग आहेत. जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचा वाटणारा दोष पुष्कळदा क्लचमध्ये असतो. त्यामुळे ट्रॅक्टर खोलण्यापूर्वी निदान करणे महत्त्वाचे ठरते.

रचना

१९१७ साली आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरामुळे वेगळ्या सांगाड्याऐवजी इंजिन, गिअरबॉक्स व मागील आस यांची कवचे एकमेकांस बोल्टने जोडण्याची पद्धत रूढ झाली. या रचनेत क्लच बदलण्यासाठीही सामान्यतः ट्रॅक्टर मध्यभागी दोन भागांत वेगळा करावा लागतो. मॅसी फर्ग्युसन ३५ या मॉडेलमध्ये पुढे जाण्याचे सहा व मागे जाण्याचे दोन गिअर असून गिअरबॉक्स, मागील आस आणि हायड्रॉलिक यंत्रणा यांना एकच तेल पुरते. त्यामुळे तेलात पाणी वा माती गेल्यास तिन्हींना धोका पोहोचतो.

लक्षणे व निदान

* क्लच घसरणे: ओढ पडताच इंजिनाचा वेग वाढतो, पण ट्रॅक्टराचा वेग वाढत नाही. पेडलची मोकळी हालचाल नसणे, क्लच प्लेट झिजणे किंवा सील गळून प्लेटवर तेल येणे ही याची कारणे होत.
* क्लच पूर्ण न सुटणे: इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, मात्र सुरू असताना खरखरतो. दीर्घकाळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरात प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली आढळते.
* गिअर सटकणे: शिफ्टर फोर्क, गिअर जागेवर धरणारी गोळी व स्प्रिंग, दातांच्या कडा किंवा बेअरिंग झिजल्याने असे होते.
* आवाज: क्लच दाबल्यावरच येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असण्याची शक्यता असते. न्यूट्रलमध्ये येणारा व क्लच दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे निर्देश करतो. एकाच गिअरमध्ये आवाज आल्यास त्या गिअरचे दात, तर केवळ वळताना आल्यास डिफरेंशियल तपासतात.
* तेलाची स्थिती: दुधाळ तेल पाणी शिरल्याचे दर्शवते. तळाशी अतिसूक्ष्म धातुकीस असणे सामान्य झीज असू शकते. दातांचे तुकडे आढळल्यास मात्र ट्रॅक्टर चालवणे थांबवावे लागते.

दुरुस्ती

प्रथम तेलाची पातळी व पेडलची मोकळी हालचाल उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार तपासली जाते. काही मॉडेलांत गिअरबॉक्सचे वरचे झाकण काढून फोर्क व स्प्रिंगांची दुरुस्ती करता येते. ट्रॅक्टर वेगळा करावा लागल्यास क्लच प्लेटसोबत रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग आणि तेलाचे सील बदलणे हितावह असते, कारण एखादे स्वस्त सील नंतर गळाल्यास तेच जड काम पुन्हा करावे लागते. जोडणी करताना प्लेट मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट वापरतात. क्राउन व पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात. बेअरिंगखालील शिम कोणत्या जागेचे आहेत याची नोंद ठेवली जाते.

सुरक्षितता

पुढील आस मध्यभागी खिळीवर झुलत असल्याने वेगळे केलेले इंजिन कलंडू शकते. त्यामुळे आसेच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकतात. दोन्ही भागांना भक्कम स्टँडचा आधार देतात. केवळ जॅकवर विसंबणे धोक्याचे असते. जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तेथील धूळ हवेच्या झोताने उडवू नये.

भारतातील स्थिती

चेन्नई येथे १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहयोगाने भारतात ट्रॅक्टरनिर्मिती केली. तिचे १०३५ हे मॉडेल महाराष्ट्रातही परिचित आहे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडल्यास वाफसा निघून जाण्याची भीती असते. त्यामुळे हंगामापूर्वीची तपासणी विशेष उपयुक्त ठरते.