लोणारचा सारा, हिंगोलीची पलटण

3 एप्रिल 1858. इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या फौजेने झाशीच्या तटावर हल्ला चढवला, तेव्हा 86 व्या रॉयल काउंटी डाउन पलटणीत जेम्स बर्न नावाचा साधा शिपाई होता. जबर जखमी झालेल्या लेफ्टनंट स्युएलला गोळ्यांच्या माऱ्यातून बाहेर काढण्यात त्याने कॅप्टन जेरोमला साथ दिली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बर्नचा जन्म आयर्लंडमधल्या विकलो परगण्यातल्या न्यूटाउनमाउंटकेनेडी या खेड्यातला, मृत्यू 1872 साली डब्लिनमधला. एका साध्या शिपायाबद्दल आज एवढे खात्रीने सांगता येते.

त्याच दिवशी झाशीच्या तटाला दुसऱ्या बाजूने शिड्या लागत होत्या. तिथे सॅपर्स (सुरुंग-खंदकांचे काम करणारे सैनिक) आणि मुंबईच्या गोऱ्या पलटणीबरोबर हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या नावाने चालणाऱ्या फौजेचे, पायदळ होते. त्या पायदळाचा पगार निघत होता वऱ्हाडच्या साऱ्यातून. म्हणजे मेहकर परगण्यातल्या, लोणारच्या शेतकऱ्यानेही तो भरला होता. त्या शिड्यांवरच्या शिपायांची नावे मात्र वऱ्हाडात क्वचितच कुणाला सांगता येतील.

आयरिश कुटुंबांना आपला पूर्वज सापडतो, याला कारण आहे. 1830 च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातल्या दर शंभर माणसांत चाळीसहून अधिक आयरिश होती. जून 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दफ्तरखाने यादवी युद्धात जळाले आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद राख झाले. सैन्याचे कागद मात्र लंडनला असल्यामुळे वाचले. निवृत्त होणाऱ्या शिपायाच्या कागदावर जन्मगाव, वय, पूर्वीचा धंदा, उंची, डोळ्यांचा नि केसांचा रंग, वर्तणूक असे सगळे असे. 1822 पर्यंत आयर्लंडमधल्या छावण्यांतून निवृत्त होणाऱ्यांचे निवृत्तिवेतन डब्लिनच्या किल्मेनहॅम रुग्णालयातून ठरे. त्याच्या नोंदवह्याही शाबूत आहेत. ज्या घराचा जनगणनेतला मागमूस पुसला गेला, त्या घराचा पणजोबा अशा कागदावर डोळ्यांच्या रंगासकट उभा राहतो.

देशी शिपायाचीही नोंद होत असे. पलटणीच्या हजेरीपटावर नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची लिहीत. पण तो पट पलटणीच्या दफ्तरात राही आणि पलटण मोडली, हलली की बहुधा त्याचीही वाताहत होई. शिपायाचे नाव लंडनपर्यंत जाण्याची व्यवस्थाच नव्हती. हा फरक कागदाच्या नशिबाचा नव्हता. कोणाचे नाव जपायचे, हे राज्यकर्त्यांनी ठरवले होते.

लोणारच्या आसपास शोध घेणाऱ्याला आधी छावण्यांचा नकाशा समजून घ्यावा लागतो. लोणारपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेला जालना आणि पूर्वेला हिंगोली. जालन्याच्या छावणीत ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्याच्या पलटणी असत. हिंगोली, एलिचपूरजवळचे परतवाडा, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई आणि हैदराबादजवळचे बोलारम, इथे कंटिंजंट असे. घरात ‘आजोबांचे आजोबा जालन्याच्या पलटणीत होते’ असे सांगत असतील, तर वाट मद्रास सैन्याच्या कागदांकडे वळते. ‘हिंगोलीच्या’ म्हणत असतील तर हैदराबादच्या रेसिडेन्सीकडे, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) कचेरीकडे. तो एक शब्द नीट ऐकला नाही, तर माणूस चुकीच्या दफ्तरात महिनोन्‌महिने घालवतो.

कंटिंजंट नावाला निजामाची फौज, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. 1811 ते 1820 या काळात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने तिला कवायती वळण दिले. 1819 च्या जानेवारीत नांदेडकडच्या नोव्हा गढीत नौसाजी नाईक हटकराला हरवले ते याच फौजेने. खर्च मात्र निजामाला झेपेना. थकबाकी वाढत गेली आणि मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1860 साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड परत गेले नाही. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्याने ते इंग्रजांनी स्वतःकडे ठेवले.

या फौजेत वऱ्हाडी माणूसच होता असे मात्र धरून चालू नये. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. नोकरी संपल्यावर त्यातले अनेक जण इकडेच राहिले. छावणीच्या गावांतली कितीतरी ‘परदेशी’ घराणी अशी आहेत. रिसाल्यात शिलेदारी चाले: स्वार स्वतःचा घोडा आणि सरंजाम आणी, किंवा बारगीर होऊन दुसऱ्याच्या घोड्यावर बसे.

आणि ही फौज एकदिलाची नव्हती. जून 1857 मध्ये मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या पहिल्या रिसाल्यात बंडाळी झाली. जमादार मीर फिदा अलीने कॅप्टन ॲबटवर पिस्तूल झाडले आणि तो फासावर गेला. पुढच्याच वर्षी त्याच कंटिंजंटचे इतर लोक राणी लक्ष्मीबाईविरुद्ध लढत होते. आपला पूर्वज यातल्या कोणत्या बाजूला निघेल, हे शोधणाऱ्याला आधी ठरवता येत नाही. झाशीच्या शिडीवर निघाला तरी त्याचे नाव लपवण्याचे कारण नाही. तो पगारावर जगणारा माणूस होता. त्याला त्याच्या काळातच पाहायला हवे.

शोधाचे धागे आहेत. शौर्यासाठी देशी शिपायांना 1837 पासून ऑर्डर ऑफ मेरिट मिळे. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना 1911 पर्यंत बंदच होता. ऑर्डर ऑफ मेरिटचे मानकरी लष्करी हुकुमांत नावानिशी छापले जात. हैदराबाद रेसिडेन्सीची दफ्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांच्या याद्या घरबसल्या चाळता येतात. मुंबई सैन्यातल्या पूर्वजासाठी मुंबईचे पुराभिलेखागार आहे. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे, गाव नि कुळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहे. 1860 नंतरच्या वऱ्हाडच्या जमीनमोजणीत शेत कोणाच्या नावे लागले, हेही कधी कधी बोलके ठरते.

पलटणीच्या नावाचा माग लांबवर जातो. 1903 मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली; तिच्या सहा पायदळ पलटणींना 94 ते 99 असे क्रमांक मिळाले आणि त्यातली 96 वी ‘बेरार इन्फन्ट्री’ म्हणवली गेली. 1922 मध्ये ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आली आणि 27 ऑक्टोबर 1945 रोजी त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. तिचे केंद्र आज हिमालयात रानीखेतला आहे. वऱ्हाडचे नाव घेतलेल्या पलटणीचा वारसा आता पहाडी जवान चालवतात. लोणार-मेहकरच्या माणसाला पणजोबाच्या पलटणीबद्दल विचारायचे असेल, तर पत्र तिथेही लिहावे लागेल.

पण सर्वांत आधी घरातली पेटी उघडावी. जुन्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सहसा शिपायाचे नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते, इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागते. अशी पदके पिढ्यान्‌पिढ्या सराफाकडे वजनावर जाऊन वितळली आहेत. तुमच्या घरात असे एखादे असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, कडेचा फोटो काढा, अक्षरे उतरवून घ्या, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आजच विचारा: हिंगोलीची की जालन्याची?