फड्या निवडुंग आणि भलताच किडा

भंडारा जिल्ह्यात निवडुंग म्हणून दाखवले जाणारे प्रत्येक झाड निवडुंगाचे नसते. मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो थोर, एरंडाच्या कुळातला. (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका!) फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा.

ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून कोचिनील किडे बंगालमध्ये आणले. निघाले भलत्याच जातीचे! रंग हलका मिळाला. पण उत्तर व मध्य भारतातील फड्या निवडुंगाची रानेच त्यांनी फस्त केली. किड्याकरवी तणाचा बंदोबस्त होतो, हे असे योगायोगाने दिसले. दक्षिणेतल्या दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला मात्र हा किडा शिवेना. त्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळ्या जातीचा कोचिनील किडा आणावा लागला.