तिला कुणी विचारलं का?

दिवाळीच्या अंकात हा कसला विषय काढलास, असं कुणी म्हणेल. पण लंडनला आल्यावर मी पहिल्यांदा फॅमिली प्लॅनिंग क्लिनिकमध्ये गेले, तेव्हा नर्सनं चार-पाच साधनं टेबलावर मांडली आणि विचारलं, "तुम्हाला यातलं काय सोयीचं वाटतं?" मला एकदम आत्याची आठवण झाली.

आत्या साताऱ्याजवळच्या खेड्यातली. १९६६ साली, तिसऱ्या बाळंतपणानंतर, गावात आलेल्या कॅम्पमध्ये तिला प्लॅस्टिकचा लूप बसवला. नंतर चार महिने अंगावरून जात होतं. दाखवणार कुणाला? कॅम्प पुढच्या गावी गेलेला!

खरं तर आपल्याकडे या कामाची सुरुवात किती वेगळी झाली होती! १९२१ साली मेरी स्टोप्सबाईंनी इथे लंडनमध्ये, हॉलोवेला, विवाहित स्त्रियांसाठी मोफत क्लिनिक उघडलं. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या सोबत होत्या. या कामापायी कर्व्यांना कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं: बाईला माहिती द्या, निर्णय तिचा तिला घेऊ द्या.

१९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पुढे लाल त्रिकोण घरोघर पोचला, पण त्याबरोबर 'टार्गेट' आलं. १९६५ पासून लूप धडाक्यानं बसवले गेले. त्रास झालेल्या बायकांकडे बघायला मात्र पुरेशी माणसं नव्हती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यात बहुतेक पुरुष होते. लोक इतके चिडले की पुढे पुरुषांचं नाव कुणी काढेना, आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के!

१९९० मध्ये ज्युडिथ ब्रूस या अभ्यासक बाईंनी चांगल्या सेवेच्या सहा खुणा सांगितल्या. निवडीला वाव, पुरेशी माहिती, कुशल हात, आपुलकीची वागणूक, नंतरची विचारपूस आणि बाईच्या सोयीनं मिळणाऱ्या सेवा. भारतानं १९९६ मध्ये टार्गेट अधिकृतपणे रद्द केलं. तरी २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यात एकाच कॅम्पमध्ये एका दिवसात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या आठवड्यातल्या कॅम्पांनंतर १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे कॅम्प तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

त्या सहा खुणांपैकी आत्याच्या वाट्याला एकही आली नव्हती. ती हसून सांगायची, "बसवायला जीप दारात आली गं. काढायला मात्र मीच एसटीनं साताऱ्याला गेले."